शाळेस जागा
(मंडळाच्या वार्षिक अधिवेशनात केलेले भाषण)



आज ज्या विषयावर बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे, तो कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. अधिवेशनात शिक्षणावर भाषण म्हणजे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, मुलींच्या शिक्षणाचे महत्त्व, शिष्यवृत्ती फंडासाठी आवाहन आणि परदेशी गेलेल्या एखाद्या चिरंजीवांचे अभिनंदन, असा आपला शिरस्ता आहे. शाळा भरते कोठे, तिच्यावरचे छप्पर कोणाचे आणि त्या छपराचे भाडे कोण देतो, हा प्रश्न व्यासपीठावर कधी येत नाही. तो कार्यकारिणीच्या बैठकीत चहा निवेपर्यंत घोळतो आणि मग पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. आपल्या मंडळात गेले वर्षभर हेच चालले आहे, म्हणून हा विषय आज सर्व कुटुंबांपुढे मांडण्याचे आम्ही मान्य केले.

प्रश्न असा आहे. धाराशिव शहरातील आपल्या वसतिगृहाची इमारत आपणा सर्वांस ठाऊक आहे. खेड्यापाड्यांतून शिकावयास येणाऱ्या ज्ञातीच्या मुलांची सोय व्हावी, म्हणून आपल्या वडिलांनी दारोदार हिंडून, कोणाकडून रोकड, कोणाकडून ज्वारीचे पोते, तर कोणाकडून नुसती गाडीभर वीट घेऊन ती उभी केली. मुले आता तेथे राहत नाहीत. गावोगाव एस.टी. आली, घरोघर मोटारसायकल आली, आणि ज्यांना पुढे शिकावयाचे आहे ते थेट लातूर किंवा पुणे गाठतात. खालच्या दालनाचे मंगल कार्यालय झाले. वरच्या खोल्यांत सतरंज्या, पातेली आणि मोडके पलंग यांनी बिऱ्हाड थाटले आहे. लग्नसराईचे दिवस सोडले तर दाराला कुलूप असते. आणि तेथून हाकेच्या अंतरावर एक लहानशी मराठी शाळा भाड्याच्या घरात भरते. तिच्या शिक्षकांचे वेतन शासन देते, मुलांकडून फी घेतली जात नाही. परंतु घरमालकास आपली जागा परत हवी आहे. शाळेच्या चालकांनी मंडळाकडे अर्ज केला आहे की, आपली रिकामी इमारत आम्हांस परवडेल अशा भाड्याने द्यावी. अर्जास वर्ष होत आले. आपल्याने होय म्हणवत नाही, आणि नाही म्हणावयाची लाज वाटते.

याविषयी आमचे मत सांगण्यापूर्वी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. कारण आमचे मत बनले आहे ते पुस्तके वाचून नव्हे, तर तिच्यामुळे. आम्ही १९६० च्या सुमारास ज्या शाळेत जात होतो, ती याच जिल्ह्यातील एका गावी भाड्याच्या वाड्यात भरत असे. ढाळजेत पहिली, ओसरीवर दुसरी आणि तिसरी, आणि आत माळवदाखाली चौथी. ओसरीच्या एका टोकाला सत्तावीसचा पाढा चाललेला असे आणि दुसऱ्या टोकाला कविता, त्यामुळे आमच्या वर्गातील कित्येकांना पाढे चालीवर आणि कविता पाढ्याच्या ठेक्यात पाठ झाल्या होत्या. वाड्याचे धनी भले गृहस्थ होते. त्यांनी भाडे कधी वाढविले नाही, किंबहुना पुष्कळदा ते मागितलेही नसावे. पण त्यांच्या कन्येचे लग्न मार्गशीर्षात ठरले, आणि मांडव घालावयाचा म्हणून शाळा मारुतीच्या देवळात गेली. फळा दीपमाळेला टेकून ठेवीत. आम्हां मुलांना तो मोठाच सण वाटला.

देवळात वर्ग भरला तेव्हा वेशीबाहेरच्या वस्तीतील चार-पाच मुले पायरीच्या खाली बसली. त्यांना तेथे बसा असे कोणी म्हटल्याचे आम्हांस आठवत नाही. म्हणण्याची गरजच नव्हती. वाड्याच्या ओसरीवर ती आमच्याबरोबर, थोड्या अंतराने का होईना, पण एका छपराखाली बसत होती. येथे ती उन्हात बसली. लग्न उरकले, मांडव निघाला आणि महिन्याभराने शाळा वाड्यात परतली. तेव्हा त्यांतील दोनच मुले परतली. बाकीची कोठे गेली याची चौकशी गुरुजींनी केली असेल, नसेल. आम्ही तरी केली नाही. जागा बदलली एवढ्यानेच कोणाची शाळा कायमची सुटू शकते, हे आम्हांस कळावयास पुढे पुष्कळ वर्षे लागली.

शाळेला जागा मिळविणे हे महाराष्ट्रात शाळा काढण्याइतकेच जुने दुखणे आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, ती बुधवार पेठेतील तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात. आपण जोतीरावांचे धैर्य आठवतो आणि ते आठवलेच पाहिजे. पण ज्या काळी अशा शाळेस जागा देणे म्हणजे स्वतःच्या पंगतीत अप्रिय होणे होते, त्या काळी आपल्या वाड्याचा दरवाजा उघडणाऱ्या भिड्यांचेही स्मरण ठेवावे. तो वाडा पुढे इतका मोडकळीस आला की, न्यायालयात दीर्घकाळ वाद होऊन २०२३ च्या डिसेंबरात तो उतरविण्यात आला, आणि त्या जागी राष्ट्रीय स्मारक करण्याचे ठरले. पाऊणदोनशे वर्षांनंतर ज्या जागेचे स्मारक होते, ती मुळात शाळेला मिळालेली एक उसनी जागा होती.

आपल्या मुलखाची कहाणी याहून अवघड. आपण निजामाच्या राज्यात होतो. राज्यकारभार आणि वरचे शिक्षण उर्दूतून. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मराठीतून शिकवावयाचे तर लोकांनी स्वतःच्या शाळा काढाव्या लागत, आणि १९२४ च्या सुमारास खासगी शाळांसंबंधी जे नियम झाले, त्यांनी तर सरकारची पूर्वपरवानगी असल्याशिवाय शाळा चालविणे कठीण करून टाकले. अशा काळात शाळेस आपली जागा देणाऱ्यास केवळ भाड्याचा हिशेब करून भागत नव्हते. सरकारी अवकृपेचाही हिशेब करावा लागे. तरीही आपल्याच जिल्ह्यात, आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परगा गावी, १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी ती काढली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर, ते या शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला तो हिप्परग्यासच, आणि १९३५ साली ते मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, गेले. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व ज्यांनी केले, त्यांची घडण एका आडगावच्या शाळेत झाली. आज हिप्परग्यास जाणारा प्रवासी ‘स्वामीजी कोठे राहत’ असे विचारतो. ‘शाळेला जमीन कोणी दिली, भिंती कोणी बांधल्या’ असे विचारणारा विरळा.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. गावोगाव शाळा-खोल्या उठल्या. ज्या वाड्यातील शाळेची हकीकत आम्ही सांगितली, तीही पुढे जिल्हा परिषदेच्या पक्क्या खोल्यांत गेली. परंतु खेडे जेथे वाढले, शहर जेथे फुगले, माध्यमिक वर्ग जेथे हवे होते, तेथे संस्थांच्या शाळा निघाल्या. आणि शिक्षकाचा पगार शासनाचा, पण इमारत संस्थेची, असा संसार रूढ झाला. या संसारात छपराचा वाली कोण, हे कधीच नीट ठरले नाही.

आता एका गोष्टीकडे आपले विशेष लक्ष वेधावयाचे आहे; कारण कार्यकारिणीतील काही उदार सभासद म्हणतात, ‘एवढी चर्चा कशाला? आपल्या लोकांचे गावोगाव जुने वाडे ओस पडले आहेत. त्यांतला एखादा द्या की शाळेला फुकट.’ त्यांचे मन मोठे आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते. चार वाजावयास चार मिनिटे असताना धरणी हलली. किल्लारी लातूर जिल्ह्यातील, पण सास्तूर आणि त्याच्या परिसरातील गावे आपल्या जिल्ह्यातील. हजारो माणसे गेली. बावन्न गावे समूळ नवीन जागी वसवावी लागली.

माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. माणसे मेली ती घरांखाली. आपल्या भागातील जुनी भिंत रुंदीने दोन-अडीच हात असते. बाहेरून दगड, आतून दगड आणि मध्ये चिखल-खडीची भर. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. तिच्यावर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचे माळवद. हे माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वी आणखी माती टाकावयाची. पणजोबांनी टाकली, आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली. वैशाखातही आतली खोली गार लागते ती या मातीच्या जाडीमुळे, आणि भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले की तोच सारा भार खाली निजलेल्यांच्या छातीवर येतो. ज्या माळवदाखाली आम्ही चौथी शिकलो, त्याची जाडी आम्ही पुढे एकदा मुद्दाम मोजली. तो आकडा येथे सांगत नाही. लहान मुले सभेत बसली आहेत.

भूकंप पहाटे झाला म्हणून शाळा रिकाम्या होत्या. तोच सकाळी अकरा वाजता झाला असता तर ज्या शाळा अशा जुन्या बांधकामात भरत होत्या त्यांचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. त्या काळी आपला भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. २००२ च्या सुधारित नकाशात किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. म्हणून जुना वाडा शाळेस फुकट मिळत असला तरी, जाणकार अभियंत्याने भिंती पाहून, माळवदाची माती उतरवून आणि पट्ट्या बांधून मजबुती केल्यावाचून, तो घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. फुकटची जागा कधी कधी सर्वांत महाग पडते.

त्याच आपत्तीने दुसरीही एक गोष्ट शिकविली. पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत शाळा भरू लागल्या. चैत्रात दुपारी त्यांत बसवत नसे, आणि पाऊस आला की गुरुजींचा शब्द मुलांपर्यंत पोचत नसे. तरी त्या भरल्या. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुले पुण्यास नेली आणि त्यांच्या राहण्या-शिकण्याचा भार उचलला. वाघोलीचे त्यांचे शैक्षणिक संकुल त्यातून उभे राहिले. आपल्या नळदुर्गास राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने ‘आपलं घर’ काढले. यांतील पहिले उदाहरण एका समाजाच्या संघटनेचे आहे, आणि तिने मुलांची जात विचारली नाही, हे आम्ही येथे मुद्दाम नोंदवितो. त्याचे कारण पुढे येईल.

शाळेच्या जागेची ही अडचण केवळ आपल्यासारख्या मागास समजल्या जाणाऱ्या मुलखाची आहे, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही ती आहे. तेथे १९९१ साली मिनेसोटा राज्याने एक कायदा केला आणि १९९२ साली त्याखाली पहिली ‘चार्टर’ शाळा सेंट पॉल शहरी निघाली. आपण तिला सनदी शाळा म्हणू. पैसा सरकारी, शिक्षण मोफत, प्रवेश सर्वांस खुला. पण कारभार स्वतंत्र मंडळाचा, आणि ठरल्याप्रमाणे मुले शिकली नाहीत तर सनद काढून घेण्याची मुभा. आपल्या अनुदानित शाळेची ही दूरची आतेबहीणच म्हणावयाची. या शाळा झपाट्याने वाढल्या, आणि लगोलग छपराचा प्रश्न उभा राहिला. तेथील नेहमीच्या सरकारी शाळांच्या इमारती स्थानिक करांतून व कर्जरोख्यांतून बांधल्या जातात. सनदी शाळांना ती वाट बहुतेक ठिकाणी मोकळी नव्हती. मग कोणी चर्चच्या तळघरात, कोणी बंद पडलेल्या दुकानात, कोणी गोदामात वर्ग भरविले. भाडे द्यावयाचे ते मुलांच्या शिक्षणासाठी आलेल्या पैशांतूनच. म्हणजे एक खोली घेतली की एक शिक्षक कमी. अखेर २००० साली कॅलिफोर्नियातील मतदारांनी कौल दिला की, सनदी शाळेतील मुलांनाही इतर सरकारी शाळांच्या तोडीची जागा शाळा-जिल्ह्याने द्यावी. त्यावरून भांडणे पुढेही झालीच. एका इमारतीत दोन शाळा म्हणजे एका चुलीवर दोन सुना. परंतु तत्त्व मान्य झाले की, सार्वजनिक पैशाने बांधलेली खोली ही मुलांची आहे, तिच्या किल्ल्या ज्याच्याकडे आहेत त्याची नव्हे.

आपल्याकडे मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड येथील महापालिकांनी याच धर्तीची वाट काढली. ‘आकांक्षा’सारखी संस्था शाळा चालविते, आणि इमारत महापालिकेची असते. महापालिकेकडे इमारती आहेत म्हणून हे जमते. जिल्ह्याच्या गावी तशी श्रीमंती नाही. येथे मोठ्या, पक्क्या आणि बहुतेक काळ बंद असणाऱ्या इमारती कोणाकडे आहेत? देवस्थानांकडे, बाजार समित्यांकडे, आणि आपल्यासारख्या ज्ञातिमंडळांकडे. देवस्थाने या कामी मागे राहिली आहेत असे नाही. तुळजापुरात श्री तुळजाभवानी देवस्थानाने अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सैनिकी शाळा चालविल्या, हे आपण पाहिलेच आहे. मग ज्ञातिमंडळांनी हात आखडता का घ्यावा?

यावर पहिला आक्षेप कायद्याचा येतो, आणि तो आपल्या वकील सभासदांनी नेमका मांडला आहे, म्हणून त्याचा विचार आधी करू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीत शाळेची इमारत कशी असावी हे सांगितले आहे : सर्व ऋतूंत टिकेल असे बांधकाम, प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, मुख्याध्यापकासाठी व सामानासाठी खोली, अपंग मुलांना विनाअडथळा आत येता यावे अशी वाट, मुलांना व मुलींना निरनिराळी स्वच्छतागृहे, पिण्याचे शुद्ध पाणी, दुपारचे जेवण शिजविण्याची जागा, खेळावयास मैदान आणि भोवती भिंत किंवा कुंपण. यांपैकी एकही गोष्ट चैनीची नाही. पण ज्या शाळेचा करार अकरा महिन्यांचा आहे, ती यांतले काय करू शकेल? घरमालक बहुधा अकरा महिनेच लिहून देतो. आणि अकरा महिन्यांच्या भाडेकरूला कोणी स्वच्छतागृह बांधू देत नाही, तोही परक्याच्या जमिनीत पैसा घालीत नाही. मुलींची नावे सहावी-सातवीनंतर शाळेच्या पटावरून का गळतात, याची कारणे शोधावयास पुष्कळ समित्या नेमण्यात आल्या. त्यांतील निदान एक कारण अकरा महिन्यांच्या स्टॅम्पपेपरावर सापडेल.

आपल्याबाबत अडचण निराळी आहे. आपले मंडळ सार्वजनिक न्यास आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या छत्तिसाव्या कलमाप्रमाणे, इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. काही सभासद ही अडचण अशा समाधानाने सांगतात, जणू काही परवानगी लागते म्हणजे मनाईच आहे. मंडळाची मालमत्ता कोणी चार पदाधिकारी परस्पर देऊन टाकू नयेत, म्हणून ते कलम आहे. सभेचा ठराव करून, कारणे लिहून, रीतसर अर्ज करावा. नकार आला तर तो आयुक्तांचा येऊ द्या. आपण स्वतःच आधी नकार देऊन त्याचे खापर कायद्यावर फोडू नये.

दुसरा आक्षेप उत्पन्नाचा. कार्यालयाच्या भाड्यावर शिष्यवृत्ती फंड चालतो. ते भाडे बुडाले तर शिष्यवृत्त्या कोठून द्यावयाच्या? हा आक्षेप खरा आहे, आणि खजिनदारांची काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्यांनी काढलेला हिशेब आम्ही त्यांच्याजवळ बसून पाहिला. आपली बहुतेक लग्ने उन्हाळ्यात, म्हणजे शाळांच्या सुटीत लागतात. तुळशीचे लग्न झाल्यापासून एप्रिलपर्यंत ज्या थोड्या तारखा लागतात, तेवढ्याच बुडतील. मे महिन्यातील आणि शाळा उघडेपर्यंतच्या जूनमधील तारखा कार्यालयासाठी राखून ठेवता येतील. बुडणाऱ्या तारखा आणि शाळेने देऊ केलेले भाडे यांची वजाबाकी केली असता तूट उरते, हे आम्ही लपवीत नाही. ती तूट आपल्यातील वीस कुटुंबांनी दर वर्षी एकेका लग्नातील आतषबाजी वाचविली तरी भरून निघेल. हे बोलणे काहींना झोंबेल. आमच्या नातवाच्या लग्नात आम्हीही आतषबाजी केली होती, तेव्हा पहिले नाव आमचे लिहावे.

लग्ने आणि वर्ग एकाच दिवशी एकाच इमारतीत नांदू द्यावेत, अशीही एक तडजोड सुचविण्यात आली आहे : खाली पंगत, वर शाळा. तिला आमचा पूर्ण विरोध आहे. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणम् येथे एका शाळेत आग लागली आणि चौऱ्याण्णव मुले गेली. स्वयंपाकाच्या जागेतील ठिणगीने गवती छप्पर पेटले. जिना अरुंद होता. पुढे २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने देशातील सर्व शाळांना आगीपासून सुरक्षिततेची व्यवस्था करण्याचे आदेश दिले, ते या प्रसंगामुळे. आता आपली इमारत आठवा. भटारखाना जिन्याला लागून आहे. तेथे लग्नाच्या दिवशी गॅसच्या टाक्यांची रांग लागते. आणि वर जावयास जिना एकच. आम्ही स्वतः अभियंत्याला बरोबर घेऊन ही इमारत पाहिली. विटांच्या भिंती, काँक्रीटचे छत आणि मध्ये पट्ट्या असल्याने ती मुळात सुदृढ आहे. आपल्या वडिलांनी सिमेंटात लबाडी होऊ दिली नाही, हे त्यांच्या पश्चात कळून आम्हांस फार बरे वाटले. परंतु मागच्या अंगाला दुसरा जिना काढला पाहिजे, भटारखाना आवाराच्या टोकाला नेला पाहिजे, दारे बाहेर उघडणारी केली पाहिजेत, दाराशी पायऱ्यांच्या बाजूने उतरण बांधली पाहिजे, आणि मुलींची स्वच्छतागृहे निराळी झाली पाहिजेत. मैदान लहान आहे, त्याला मात्र इलाज नाही. शेजारच्या मोकळ्या जागेविषयी नगरपरिषदेकडे विचारणा करता येईल.

तिसरा आक्षेप बैठकीत उघड कोणी मांडीत नाही, पण बैठक संपल्यावर चपला घालताना तो ऐकू येतो. दारावरील शिळेवर ‘ज्ञातीच्या उपयोगार्थ’ असे कोरले आहे. शाळा दिली तर तेथे सगळ्या जातींची मुले येणार. मग आपल्या वडिलांच्या शब्दाचे काय?

सगळ्या जातींची मुले येणार हे खरे आहे. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेस केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणांवरून प्रवेश नाकारता येत नाही, असे राज्यघटनेच्या एकोणतिसाव्या अनुच्छेदात आहे. ते नसते तरी आम्ही हेच म्हटले असते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघावीत म्हणून जागा दिल्या, पैसा दिला. आपल्या मंडळाच्या संस्थापकांसमोर तोच कित्ता होता. पण ती वसतिगृहे खेड्यातील मुलाला शहरातील सर्वांच्या शाळेपर्यंत पोचविण्यासाठी होती. मूल त्या दारातून बाहेर पडून इतर मुलांत जाऊन बसावे, हा त्यांचा हेतू. त्याच महाराजांनी १९१९ साली अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली, आणि त्यांत त्यांना विसंगती दिसली नाही. आम्हांसही दिसत नाही. शिवाय त्या शाळेच्या पटावर आज आपल्या ज्ञातीचीही मुले आहेत. ज्यांना लातूर-पुण्याच्या वाटा परवडत नाहीत अशा आपल्याच घरांतील. अधिवेशनाच्या छायाचित्रात ती घरे सहसा मागच्या रांगेत असतात. पायरीखाली बसलेली ती चार-पाच मुले आम्ही आपल्यापुढे मुद्दाम आणली, ती यासाठी. आपल्या इमारतीला पायऱ्या आहेत. त्यांच्या वर कोण बसेल आणि खाली कोण, हे यावेळी आपणच ठरविणार आहोत.

शाळा संस्थेची आहे, संस्थाचालक उद्या जागा बळकावतील, ही भीती राहिली. ती अनाठायी नाही. अशा गोष्टी घडतात. म्हणूनच आम्ही तोंडी औदार्याच्या विरुद्ध आहोत. आमच्या लहानपणीचे वाड्याचे धनी तोंडी औदार्यानेच वागले होते. लेखी काही नव्हते, म्हणून एका लग्नाने शाळा उठली. कराराने दोघांचेही हात बांधले जातात. मंडळाला मधूनच मांडव घालता येत नाही, आणि शाळेला मुदतीनंतर कब्जा ठेवता येत नाही.

तेव्हा सभेपुढे येणाऱ्या ठरावातील मुख्य गोष्टी आम्ही वाचून दाखवितो. इमारत शाळेस दहा वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने द्यावी, आणि त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करावा. भाडे शाळेस परवडेल असे ठरवावे व दर तीन वर्षांनी त्याचा फेरविचार व्हावा. दुसरा जिना व भटारखान्याचे स्थलांतर यांचा खर्च मंडळाने करावा. स्वच्छतागृहे व उतरण शाळेने बांधावी आणि तो खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. दुरुस्त्या पुऱ्या होऊन अभियंत्याचा दाखला मिळाल्यावाचून एकही वर्ग भरवू नये. उन्हाळी सुटीत कार्यालय मंडळाकडे राहावे. प्रवेशात कोणत्याही मुलास जातीवरून अडविल्यास मंडळास पट्टा रद्द करता यावा. आणि मंडळाच्या सभासदांनी तसे करण्यास शाळेवर दडपण आणल्यास त्यांचे सभासदत्व रद्द व्हावे. हे शेवटचे वाक्य मसुद्यात नव्हते. ते आम्ही घातले आहे, आणि अध्यक्षमहाराजांना ते आधी दाखविले नाही याबद्दल त्यांची क्षमा मागतो.

वरच्या खोल्यांच्या किल्ल्या चिटणीसांकडे आहेत. भोजनानंतर दोन तास इमारत उघडी राहील. ज्यांनी ती कित्येक वर्षांत आतून पाहिली नाही, त्यांनी जिना चढून जाऊन एकदा पाहून यावी, आणि मग चार वाजता मताला बसावे.